शिमोग्याचा मराठी चित्रकार आणि म्हैसूरची फुले

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात गेलेला मराठी माणूस बहुधा एका चित्रापाशी रेंगाळतो. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात रंगवलेली ती तरुणी, हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत सांभाळणारी. म्हैसूर आणि मराठी चित्रकार यांचे नाते म्हटले की हेच चित्र आठवते आणि ते योग्यच आहे. पण या चित्राच्या शंभर वर्षे आधी, १८४५ साली, म्हैसूर संस्थानातल्याच शिमोग्यात एक मराठी चित्रकार फुले रंगवत बसला होता. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. त्याची चित्रे आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या कपाटात राहिल्यामुळे आपल्या कलेच्या इतिहासात त्यांना जागा मिळालेली नाही. माझे म्हणणे असे की ही वाटणी चुकीची आहे. म्हैसूरच्या मुलखात फूल हा चित्राचा स्वतंत्र विषय झाला तो राजवाड्यामुळे नाही, पुढे आलेल्या तैलचित्रांमुळेही नाही. वनस्पतिशास्त्राच्या कामाला लागलेल्या देशी चित्रकारांनी तो घडवला. फुलांचे खास चित्रकार असे ज्यांना म्हणावे, ते या भागात पहिल्यांदा हेच.

त्याआधी म्हैसूरच्या चित्रांत फुले नव्हती असे नाही. ती ओसंडून होती. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरचे कारागीर पांगले, त्यांतली काही घराणी वाडियारांच्या आश्रयाला आली आणि श्रीरंगपट्टणात व पुढे म्हैसुरात स्थिरावली, असा या शैलीचा उगम सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या कृष्णराज वाडियारांनी या चित्रकारांना भरभरून काम दिले. त्यांच्या आश्रयाने तयार झालेला ‘श्रीतत्त्वनिधि’ हा सचित्र ग्रंथ म्हणजे देवतांच्या रूपांचा कोशच. अशा मूर्तिवर्णनांत कोणत्या देवतेच्या हातात कोणते फूल, हे ठरलेले असते. श्रीदेवीच्या हाती पद्म, भूदेवीच्या हाती नीलोत्पल. ही दोन फुले सारखी काढली तर देवताच बदलते. म्हणजे कमळ आणि नीलोत्पल यांच्या पाकळीची ठेवण, देठ, कळीची अणी यांतला फरक या चित्रकाराला ओळखावाच लागे. कारागिरीही तशीच बारीक. चिंचेच्या काडीच्या कोळशाने आखणी, खारीच्या केसांची कुंचली, आणि सोन्याचा वर्ख चढवण्यासाठी सफेदा व रेवाचिनी यांचा अगदी पातळ उठाव. तंजावरच्या चित्रांत हा उठाव जाड असतो, वर काचा आणि खडे जडवतात. म्हैसूरचा चित्रकार फळीवर चिकटवलेल्या घोटीव कागदावर काम करी आणि रेषेवर भिस्त ठेवी. ही कागदावरची, रेषेला जपणारी सवय पुढे फार कामाला आली असे मला वाटते.

श्रीरंगपट्टणाबाहेरचा दर्या दौलत बागेतला टिपूचा महाल १७८४ चा. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर पोळिलूरच्या लढाईचे मोठे चित्र आहे, ते सगळे पाहतात. आतल्या भिंती, खांब आणि छत मात्र वेलबुट्टीने आणि फुलांनी इतके भरलेले आहे की बोटभर जागा मोकळी नाही. पण हे फूल पुनरावृत्तीचे आहे. एक कळी दुसरीसारखी, उजवीकडची फांदी डावीकडच्या फांदीचा आरसा. जगनमोहन राजवाड्यात वाडियारांची वंशावळ कमळाच्या रूपात रंगवली आहे, तिथेही कमळ पाकळ्यांवर नावे धारण करण्यासाठी आहे. देवाच्या हातात, राजाच्या भिंतीवर, वंशाच्या मांडणीत, सगळीकडे फूल हजर आणि सगळीकडे ते दुसऱ्या कुणाच्या तरी सेवेत. एक विशिष्ट फांदी, एका विशिष्ट दिवशी तोडलेली, तिच्या किडलेल्या पानासकट कागदाच्या मधोमध ठेवावी आणि बाकी काहीच काढू नये, हे या परंपरेत घडले नव्हते. उत्तरेत ते घडले होते. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने १६२० च्या आसपास काश्मीरची फुले एकेकटी रंगवली. पण त्यामागे बादशहाचे स्वतःचे वेड होते आणि दरबारात आलेली युरोपीय छापील वनस्पतिचित्रे होती. म्हैसूरच्या दरबारात त्या जातीचे कुतूहल चित्रकाराच्या वाट्याला आले नाही. टिपूने बंगळूरच्या लालबागेसाठी दूरदूरची रोपे आणवली, पण ती बागेत लावण्यासाठी.

ते कुतूहल आले १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर, आणि कंपनीच्या डॉक्टरांबरोबर आले. फ्रान्सिस बुकॅनन १८०० साली म्हैसूरचा मुलूख पायाखाली घालायला निघाला. पिके, झाडे, धंदे यांची त्याने केलेली नोंद १८०७ मध्ये तीन खंडांत छापली गेली. कॉलिन मॅकेन्झीच्या म्हैसूर पाहणीत बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि लालबाग काही काळ त्याच्या ताब्यात होती. या लोकांची अडचण साधी होती. वाळवलेल्या नमुन्यात पानाचा आकार टिकतो, पण फुलाचा रंग उडतो, ऑर्किडसारखे मांसल फूल चेपून ओळखू येईनासे होते. छायाचित्रण अजून जन्मायचे होते. त्यामुळे रंगवणारा हात जवळ असणे ही चैन नव्हती, ती शास्त्राची गरज होती. आणि तो हात विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. तो इथेच, देवळांच्या आणि राजवाड्यांच्या आश्रयावर वाढलेल्या घराण्यांत तयार होता.

शिमोग्याची गोष्ट इथे सुरू होते. ह्यू क्लेगहॉर्न हा मद्रासेत जन्मलेला, स्कॉटलंडमध्ये शिकलेला डॉक्टर. म्हैसूरचा कारभार तेव्हा राजाकडून काढून घेऊन कमिशनर मार्क कब्बनकडे दिलेला होता आणि संस्थानाच्या नगर विभागात, शिमोग्याला, क्लेगहॉर्नची नेमणूक झाली. रोज एका वनस्पतीचा थोडा वेळ तरी अभ्यास करावा, हा विल्यम हूकर यांचा सल्ला त्याने मनावर घेतला आणि रोज एक झाड रंगवून घ्यायला एक चित्रकार ठेवला. १८४५ ते १८४७ या काळातली ही चित्रे. चित्रकार मराठी होता, एवढीच त्याची नोंद. शिमोग्यात मराठी चित्रकार कुठून आला, असे विचारणाऱ्याने त्या काळचा नगर प्रांत डोळ्यांसमोर आणावा. म्हैसूरच्या महसुली कारभारात देशस्थ कारकुनांचा आणि मराठी हिशेबांचा मोठा वाटा होता. नगरच्या फौजदारीवर रामराव बरीच वर्षे होते आणि त्यांच्या आप्तांचा तिथे भरणा झाला, ही १८३० च्या नगरच्या बंडामागची एक प्रमुख तक्रार होती. मराठी बोलणारा माणूस त्या गावात परका नव्हता. शिवाय दक्षिणेत मराठी आश्रयाखाली निसर्गचित्रे काढून घेण्याची एक परंपरा त्याआधीच उभी राहिली होती. तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आपल्या चित्रकारांकडून प्राणी, पक्षी आणि वनस्पती रंगवून घेतल्या. रेसिडेंट बेंजामिन टोरिनला दिलेला त्यांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शिमोग्याचा चित्रकार तंजावरकडून आला असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. मराठी जगाला ही कला नवखी नव्हती, इतकेच यातून दिसते.

रोज एक झाड हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात वनस्पतिचित्र ही घड्याळाशी लावलेली शर्यत असते. सकाळी तोडून आणलेली फांदी शिमोग्याच्या दमट हवेतही दुपारपर्यंत माना टाकते. म्हणून आधी फूल, मग कोवळी पालवी, मग जून पाने, आणि देठ सर्वांत शेवटी, हा क्रम फुलाचा स्वभावच लावून देतो. रंग आधी टिपून ठेवावा लागतो, कारण जांभळ्याचा निळा आणि पांढऱ्याचा पिवळा व्हायला वेळ लागत नाही. कागद ठरावीक आकाराचा, झाड मात्र कितीही मोठे. मग फांदी कुठे तोडायची, लांब पान कुठे दुमडायचे, कोणते फूल समोरून दाखवायचे आणि कोणते मागून, म्हणजे निदलपुंजही कळेल, हे ठरवावे लागते. पानाची वरची बाजू दाखवताना एखादे पान असे उलटवावे लागते की खालची फिकट बाजू आणि शिरा दिसाव्यात, आणि तरी ते वाऱ्याने सहज उलटल्यासारखे वाटावे. हे सगळे निर्णय रचनेचे आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ पुंकेसर किती हे सांगू शकतो. फांदीचा तोल कागदावर कुठे पडावा हे त्याला सांगता येत नाही, आणि क्लेगहॉर्नसारख्या डॉक्टरला तर दवाखान्याचे कामही होते. पन्नासाव्या चित्रापर्यंत पोचलेल्या चित्रकाराला हे निर्णय स्वतःच घ्यावे लागत असणार.

याच काळातल्या दुसऱ्या दोघांची नावे सुदैवाने उरली आहेत, आणि शिमोग्याच्या अनामिकाचे मोल कळायला ती उपयोगी पडतात. रॉबर्ट वाइट हा मद्रास इलाख्यातला सर्जन-वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्याकडे आधी रंगय्या आणि मग गोविंदू हे तेलुगू चित्रकार होते, तंजावरच्या चित्रपरंपरेतून आलेले. वाइटचे ‘आयकॉनेस’ हे पुस्तक १८३८ ते १८५३ या काळात सहा खंडांत निघाले. त्यात दोन हजार एकशे एक चित्रे आहेत. वाइटने त्यांची नावे चित्रांखाली छापली, आणि कंपनीच्या चाकरीतल्या देशी चित्रकाराच्या वाट्याला हे क्वचितच येई. १८५३ मध्ये त्याने एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नावही दिले. शास्त्राच्या पुढच्या फेरमांडणीत ती प्रजाती दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली, पण नाव दिले गेले ही गोष्ट पुसली जात नाही. वाइट विलायतेला परतल्यावर गोविंदूने क्लेगहॉर्नसाठीही काम केले, म्हणजे शिमोग्याच्या चित्रकाराची पाने आणि गोविंदूची पाने एकाच संग्रहात शेजारी येऊन बसली. हेन्री नोल्टी या एडिनबरोच्या अभ्यासकाने या दोन्ही संग्रहांवर पुस्तके लिहिली आणि हे चित्रकार पुन्हा उजेडात आणले. हे काम आपल्याकडच्या कुणी हाती घ्यायला हवे होते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की हे शास्त्राचे काम होते. चित्रकार सांगितले तसे काढत होता, मग यात कला कुठली? याचे उत्तर युरोपातल्याच फुलांच्या चित्रकारांकडे पाहून मिळते. पिएर-जोसेफ रदूते हा गुलाबांचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. त्याची ‘ले रोझ’ ही मालिका १८१७ ते १८२४ या काळातली. त्याला फुलाचे विच्छेदन करून पाहायला लेरितिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने शिकवले, त्याची मोठी कामे शास्त्रीय ग्रंथांसाठी होती आणि त्याच्या मागे महाराणी जोसेफिनचा आश्रय होता. म्हणजे मार्गदर्शन शास्त्रज्ञाचे, पैसा दुसऱ्याचा आणि विषय ठरवून दिलेला. तरी रदूते कलावंत आहे हे कुणी नाकारत नाही. जी कसोटी पॅरिसला लावली जात नाही ती शिमोग्याला लावणे न्यायाचे नाही. आणि उलट बाजूही पाहावी. देवतांची चित्रे काढणाऱ्या म्हैसूरच्या चित्रकाराला ध्यानश्लोकाने हात किती, आयुधे कोणती, रंग कोणता, हे सगळे बांधून दिलेले असे. त्या बंधनात केलेल्या कामाला आपण कला म्हणतो, आणि म्हणावेच. मग पुंकेसरांची संख्या पाळणाऱ्याला ती पदवी का नाकारायची?

दुसरा आक्षेप असा की हे स्थिरचित्रच नव्हे. स्थिरचित्रात फुलदाणी हवी, टेबल हवे, खिडकीतून येणारा उजेड आणि सावली हवी. इथे तर मागे कोरा कागद. आक्षेप खरा आहे आणि फरक मला मान्य आहे. पण डच चित्रकारांच्या फुलदाण्या जरा लक्ष देऊन पाहिल्या तर वेगळेच दिसते. ट्युलिप, गुलाब आणि शरदात फुलणारी फुले एकाच गुच्छात असतात, आणि अशी ती कोणत्याही घरात एका दिवशी एकत्र असणे शक्य नव्हते. यान फान हाइसुम एखाद्या फुलाचा हंगाम येईपर्यंत चित्र अडवून ठेवी. त्याच्या काही चित्रांवर म्हणूनच दोन वर्षांचे आकडे आहेत. म्हणजे फुलदाणी ही शेवटची मांडणी. खरे चित्रकाम एकेका फुलासमोर बसून आधीच झालेले असते. शिमोग्याच्या पानांवर आपल्याला तेच मूळ काम दिसते, फक्त वरची मांडणी नाही. माझ्या मते तोडलेली फांदी समोर ठेवून, ती सुकण्याआधी, ती जशी आहे तशी पाहणे हा या कलाप्रकाराचा गाभा आहे. फुलदाणी ही त्याची सजावट.

तिसरा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनात येणारच. ही चित्रे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी काढली गेली, झाडांची मोजदाद म्हणजे जंगलावरच्या ताब्याची पहिली पायरी, आणि चित्रे शेवटी साता समुद्रापार गेली. यातले प्रत्येक विधान खरे आहे. क्लेगहॉर्न पुढे १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचा वनसंरक्षक झाला, आणि जंगल जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीवर निर्बंध आणण्यात त्याचा पुढाकार होता. त्या शेतीवर जगणाऱ्या लोकांनी त्याची किंमत मोजली. त्याच वेळी उष्ण प्रदेशातली जंगले तुटल्याने काय होईल, यावर १८५१ मध्ये इशारा देणारा अहवाल मांडणाऱ्यांतही तोच होता. हे सगळे सांगितलेच पाहिजे. पण यातून चित्रकाराविषयी काय सिद्ध होते? मालकाचा हेतू हा चित्राचा एकमेव अर्थ मानला, तर अजिंठ्यापासून राजस्थानपर्यंत आपली बहुतेक चित्रकला राजांच्या आणि धनिकांच्या खात्यावर जमा करावी लागेल. वसाहतीच्या अन्यायाबद्दल बोलताना त्या काळात राबलेल्या देशी माणसाचे कर्तृत्वही मालकाच्या नावावर टाकणे, हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय ठरतो.

हा प्रवाह पुढे आटला, आणि तो चित्रकारांच्या उणिवेने आटला नाही. १८५० मध्ये अलेक्झांडर हंटरने मद्रासला कलाशाळा काढली. क्लेगहॉर्नच्या संग्रहातली उत्तरार्धातली कित्येक पाने तिथल्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. घराण्यातले शिक्षण शाळेत गेले, आणि शाळेत समोरच्या फुलाबरोबर छापील चित्राची नक्कलही आली. म्हैसूर दरबाराची आवड तैलचित्राकडे वळली. चौथ्या कृष्णराज वाडियारांसाठी राजा रविवर्म्यांनी १९०४ ते १९०६ या काळात पौराणिक विषयांवर नऊ चित्रे केली, आणि तिथे फूल पुन्हा नायिकेच्या वेणीत आणि मागच्या बागेत गेले. १८९७ च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या नव्या राजवाड्यात दसऱ्याच्या मिरवणुकीची भव्य चित्रे लागली. चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग भरू लागले. मुंबई इलाख्यातल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांप्रमाणे तिथेही फूल अभ्यासक्रमात गेले. शिकण्याची पायरी म्हणून त्याला मान मिळाला, आयुष्यभराचे काम म्हणून नाही.

फक्त लालबागेत धागा टिकला. क्लेगहॉर्नच्याच सल्ल्याने १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली, १८७४ पासून जॉन कॅमेरून तिचा प्रमुख होता, आणि त्या बागेसाठी चेलुवय्या राजू यांनी फुलाफळांची चित्रे रंगवली. राजू हे आडनाव म्हैसूरच्या पिढीजात चित्रकारांत आढळते. विसाव्या शतकात म्हैसूर शैली जिवंत ठेवणाऱ्यांत वाय. सुब्रह्मण्य राजू यांचे नाव मोठे आहे. देवतांची चित्रे आणि वनस्पतींची चित्रे ही एकाच चित्रपरंपरेची दोन कामे होती, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? २००५ मध्ये म्हैसूर चित्रशैलीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या शैलीचा परिचय देताना सोने, देवता आणि दरबार यांचाच उल्लेख होतो. वनस्पतिचित्रांचा होत नाही. दर दसऱ्याला म्हैसूरच्या कुप्पण्णा पार्कमध्ये फुलांचे मोठे प्रदर्शन भरते, लाखभर रोपे आणि कुंड्यांच्या त्या थाटात फुले रंगवणाऱ्यांसाठी एक दालन मांडणे अवघड नाही. एडिनबरोहून मूळ चित्रे आणण्याचा प्रश्नच नको, चांगल्या प्रतिकृतीही चालतील.

आणि मराठी कोशकारांना एक विनंती. युरोपच्या कलेतिहासात ज्यांचे नाव हरवले अशा चित्रकारांना त्यांच्या कामावरून किंवा गावावरून नाव देतात, त्यांच्यावर स्वतंत्र नोंद करतात आणि त्यांची चित्रे एका हाताची म्हणून अभ्यासतात. नाव नाही म्हणून माणूस गाळत नाहीत. आपल्या चित्रकारांच्या चरित्रकोशांतही ‘शिमोग्याचा मराठी चित्रकार, कार्यकाळ १८४५ ते १८४७’ अशी एक नोंद घालावी आणि तिच्यापुढे त्याच्या चित्रांची यादी द्यावी. चित्रे उपलब्ध आहेत, काळ आणि गाव ठाऊक आहे. नोंद लिहायला एवढे पुरेसे आहे.